सुरी खाली ठेवणारा मुलाणी

दस्तगीर, तुला मातीत ठेवून आज अकरा दिवस झाले. गाव तुला खांद्यावरून नेत होतं तेव्हा मी पार मागं चालत होतो. लढाईत जखमी झालेला पाय दुखत असेल, असं लोकांना वाटलं. माती द्यायची वेळ आली तेव्हा तुझ्या पुतण्यानं, गुलाबनं, माझं मनगट धरून मला पुढं ओढलं. "मारुतीकाका, पयली माती तुमची. तुमच्याइतकं त्यांचं कोण हुतं?" म्हणाला. मी तीन मुठी माती टाकली. अर्धं गाव माझ्याकडं बघून डोळे पुसत होतं आणि मी मनात म्हणत होतो, ऊठ दस्तगीर, कफन फाड आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मार. एवढा तोंडाळ माणूस तू, जन्मभर मला बोलत राहिलास आणि नेमका त्या वेळी गप्प पडून राहिलास.

तुला मी मारलं. कुऱ्हाडीच्या पाठीनं, उजव्या कानाच्या वर, पीराच्या राईत, देवीच्या जत्रेच्या दिवशी दुपारी. गाव समजतं की तुला कातकऱ्यांनी मारलं. कोळशाच्या भट्टीवरचे काळू आणि त्याचा मेव्हणा लक्ष्या त्या दिवसापासून कोठडीत आहेत. तू अंथरुणावर जिवंत होतास तोवर तो मारामारीचा गुन्हा होता. चाळीस दिवसांनी तू मेलास आणि तो खुनाचा झाला. दोघं फासावर जाणार, असं बाजारात लोक मिरच्यांचा भाव सांगावा तसं सांगतात. मी चौकीत जाणार आहे. तिथं मला दिवस विचारतील, वेळ विचारतील, कुऱ्हाडीचा दांडा केवढा होता ते विचारतील. बाकीचं कोणी विचारणार नाही, म्हणून ते इथं लिहितो. पलटणीत गेलो म्हणून चार अक्षरं लिहायला शिकलो, त्याचा एवढा तरी उपयोग.

आधी माझा राग ऐकून घे. तू फार छळवादी माणूस होतास. ओढा दुथडी भरून वाहत असला तरी तू काठावर बसून तांब्याभर पाण्यातच नमाजाआधीचं वजू करायचास. हात, तोंड, पाय, सगळं त्या एका तांब्यात. मी म्हणायचो, "आरं, वढा आटतुय व्हय तुज्यानं?" तू ओले हात झटकत म्हणायचास, "नदीवर बसला तरी जास्त सांडायचं न्हाई, आसं आमाला सांगितलंय. पानी वाहतंय म्हून ते तुजं झालं न्हाई." माझी आई तुझं ऐकून आमच्या घरात भांडी घासायच्या पाण्यावर पहारा करायला लागली. एका मुलाण्यानं गावातल्या मराठ्यांच्या न्हाणीघरांवर राज्य केलं, असं मी चेष्टेनं म्हणायचो. चेष्टा म्हटलं तरी ते खरंच होतं.

गावात तुमची सात घरं. त्या सात घरांचा नमाज तू पढवायचास, पोरांना अलिफ-बे शिकवायचास, पीराच्या थडग्यावर झाडलोट करायचास आणि साऱ्या गावाचं बोकड तूच कापायचास. शुक्रवारी चिंचेखाली तू बोलायला बसलास की आमचीही माणसं येऊन टेकायची. झाड लावलं आणि त्याचं फळ पाखरानं खाल्लं, वाटसरूनं खाल्लं, अगदी चोरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला पुण्य मिळतं, हे तू सांगितलंस तेव्हा मी मागून ओरडलो होतो, "मग ल्हानपनी तुजं आंबं चोरून म्या तुला लय पुण्य दिलंय गड्या!" सगळे हसले. तूही हसलास. नंतर म्हणालास, "दिलंयस. पर फांदी मोडलीवतीस, त्येचं काय?" तीस वर्षांपूर्वीची फांदी तुझ्या ध्यानात होती.

मी आफ्रिकेत होतो तेव्हा गावात बातमी आली की मी मेलो. आईनं बांगड्या, कुंकू सगळं माझ्या बायकोचं उतरवायची तयारी केली, भावकी जमली. तू मात्र बांधावर खड्डा खणून आंब्याचं रोप लावलंस. गेलेल्या माणसाच्या नावानं लावलेल्या झाडाचं पुण्य त्याला तिकडं पोचतं, असं माझ्या आईला सांगितलंस आणि रोज ओढ्यातून पाणी आणून घातलंस. मग मी जिवंत परत आलो, पायात गोळी घेऊन. तू मला त्या रोपाजवळ नेलंस आणि म्हणालास, "मेला न्हाईस ते बरं झालं. आता तुजं झाड, तूच पानी घाल." मी एकदाही घातलं नाही. तूच घालत राहिलास. तुझे उपकार फेडायचं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. तुझं ते कामच आहे, असं मी धरून चाललो.

परत आल्यावर मला काम नव्हतं. लंगडा माणूस नांगर कसा धरणार? त्यात लढाईमुळं पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या धुरावर चालवायला त्यांच्या पाठीला टाक्या बसल्या आणि कोळशाला सोन्याचं मोल आलं. इस्लामपूरचा एक कंत्राटदार डोंगरपट्ट्यात झाडं विकत घेत फिरत होता. पाटलानं त्याला पीराची राई दिली. मला मुकादम नेमलं. खाकी सदरा अंगात होताच, हातात छडी आली.

ती राई काय होती ते मी तुला काय सांगू? डोंगराच्या पोटात पीराचं थडगं, भोवती हिरडा, जांभूळ, ऐन, आंबे, आणि मधोमध तो झरा. शिराळ्याच्या या बाजूला डोंगर पुष्कळ, पण उन्हाळ्यात पाझरणारं पाणी तेवढंच. पीराच्या नवसाचा, कंदुरीचा स्वयंपाक सोडला तर तिथली वाळकी काटकीही कुणी उचलत नसे. हिंदू असो, मुसलमान असो, पीर बघतोय म्हणून भ्यायचे. तू भीतीवर कधीच बोलला नाहीस. तू म्हणायचास, "मालक वरचा. आपन राखनं. राखन्यानंच पीक खाल्लं तर मालकाला काय सांगायचं?"

पहिलं ऐनाचं झाड पडलं त्या दिवशी आपलं भांडण झालं. ते अजून माझ्या डोक्यात चालूच आहे. मी म्हणालो, "तिकडं मानसं मरत्यात. मोटारी बंद पडल्या तर धान्य कुठनं यील? आन तू झाडं मोजतुयास!" माझं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, दस्तगीर. मी वाळवंटात पाण्याविना पोरं मरताना पाहिली होती, त्यांच्या सुजून बाहेर आलेल्या जिभा पाहिल्या होत्या. एक हिरडा पडला म्हणून मला रडू येईना. तू माझ्या छडीकडं बघत म्हणालास, "मानसं मारून आलास, आता झाडं मारतुयास. हात रिकामा ठिवायची सवय गेली व्हय रं तुजी?" मी थुंकलो आणि निघालो. पाठीमागून तू ओरडलास, "मारत्या, मानसाचं वाईट केलंस तर त्यो माफ करंल, न्हाई तर न्हाई. त्येला तोंड हाय. झाडाजनावराला तोंड न्हाई. त्येंच्या पुढं माफी मागायची कशी?" मी मागं वळलो नाही. तुझं बोलणं म्हणजे शुक्रवारची करमणूक, असं माझं त्या वेळी झालं होतं.

मग तू ते केलंस. जत्रेच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी, तू सुरी फडक्यात गुंडाळून पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवलीस. "राईतनं कुऱ्हाडी निघूस्तवर ह्या गावात मी सुरी धरनार न्हाई," एवढंच बोललास आणि घरी गेलास. लोक आधी हसले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. देवीच्या जत्रेला घरटी एक बोकड बांधलेलं. लेकी-जावई यायचे, कुंडलपासून पाहुणे यायचे. आणि आपल्याकडं मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय म्हातारी माणसं मटणाला तोंड लावत नाहीत. देवी आमची, बोकड आमचं, मीठ-मसाला आमचा, पण सुरी तुझी. पणजोबांपासून असंच चाललेलं.

पाटलानं शेजारच्या गावाहून दुसरा मुलाणी आणायला माणूस धाडला. तो मुलाणी म्हणाला, "दस्तगीर मुल्लानं सुरी ठिवली आसंल तर मी उचलत न्हाई." तिसऱ्या गावचाही तेच म्हणाला. तेव्हा मला कळलं की तुझा शब्द चिंचेखालीच थांबत नव्हता. पाटील पार मऊ पडला. जत्रेच्या आदल्या दिवशी त्यानं मला बोलावून सांगितलं, "मुकादम, इस्लामपूरवाल्यास्नी कळवा. कुऱ्हाडी उतरवा म्हनावं. जत्रा मोडली तर गाव मला जाळंल." तू जिंकला होतास, दस्तगीर! राई वाचली होती. एका फडक्यात गुंडाळलेल्या सुरीनं तू ते केलं होतंस.

आणि मी म्हणालो, "पाटील, एवढ्यासाठी कुऱ्हाडी कशाला उतरवायच्या? मी हाय की."

पलटणीत पंजाबी जवानांबरोबर राहून मी एका घावात बोकड तोडताना पाहिलं होतं. पाहिलं होतं, केलं नव्हतं. माझी मुकादमी जाणार होती म्हणून मी बोललो, हे खरंच. पण त्याहून खरं हे की तू जिंकलेला मला सोसेना.

तू बोकड कसं कापायचास ते मी हजार वेळा पाहिलं होतं. आधी त्याला पाणी पाजायचास. सुरी त्याच्या नजरेआड घासायचास. एकासमोर दुसरं कधी धरायचा नाहीस. गाभण शेळी कुणी आणली तर शिव्या देऊन परत पाठवायचास. मग त्याच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचास आणि ते कधी संपलं ते त्याचं त्यालाही कळायचं नाही. इतकं पाहूनही मी काय केलं? देवळासमोर ढोल वाजत होते. दावणीला चाळीस बोकडं बांधलेली. मी सगळ्यांसमोर दगडावर कोयता घासला, खर्र खर्र, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. बोकडं दावी तोडायला लागली. पाटलाचं काळं बोकड चौघांनी ओढून आणलं. पाणी पाजायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिला घाव खांद्याच्या हाडात रुतला. बोकडानं मान फिरवली आणि माझ्याकडं पाहिलं. ते ओरडलं ते बोकडासारखं नव्हतं. कोयता उपसून काढायला मला त्याच्या अंगावर पाय द्यावा लागला. दुसरा घाव शिंगावर बसला. ढोल थांबले. रक्त माझ्या खाकी सदऱ्यावर, तोंडात, डोळ्यांत. तिसऱ्या घावाला मान तुटली, पण तीही पुरती नाही, कातड्यावर लोंबत राहिली. मग मला वेड लागलं म्हण. मी दुसरं बोकड आणायला सांगितलं, तिसरं सांगितलं. सात तोडली. आठव्याला कुणी हात लावेना. बायका पोरांना घेऊन निघून गेल्या होत्या.

त्या सातांचं मटण शिजलं. दुपारी पंगत बसली. माझा सख्खा चुलता, ऐंशी वर्षांचा म्हातारा, त्यानं ताट नाकाजवळ नेलं आणि पुढं ढकललं. "मढ्याचं मटान मला नगं. आमटी आसंल तर वाढा." त्याच्यामागं सगळ्या पंगतीनं ताटं ढकलली. देवीच्या जत्रेला आलेले पाहुणे आमटी-भाकरी खाऊन उठले आणि सात बोकडं कुत्र्यांपुढं गेली. कुणी मला शिवी दिली नाही, सगळ्यांनी नुसती तोंडं फिरवली. मी तसाच रक्ताचा सदरा घालून डोंगर चढलो. कशाला चढलो? तुझी राई स्वतःच्या हातानं तोडायला. एवढंच डोक्यात होतं.

तोडणाऱ्यांना त्या दिवशी सुट्टी होती. भट्टी सोडून जाता येत नाही म्हणून काळू आणि लक्ष्या तेवढे खालच्या अंगाला धुरात बसले होते. मी त्यांच्याकडं न बघता वर गेलो. खोडात रुतलेली एक कुऱ्हाड उपटली. बाकीच्या कुऱ्हाडी कुठं आहेत म्हणून बघतो तर तू झऱ्याच्या डोहाजवळ उभा. एकेक कुऱ्हाड उचलून पाण्यात फेकत होतास. धोतर खोचलेलं, कपाळावर घाम. तू माझ्याकडं पाहिलंस, सदऱ्याकडं पाहिलंस.

"किती घाव?"

"कशाचं?"

"बोकडाचं. वरडनं हितवर आलं. किती घाव घातलंस?"

"तीन."

"पानी पाजलंवतंस?"

तू पुढं आलास आणि माझ्या मुस्काटात मारलीस. एवढ्या जोरात की माझा दुखरा पाय सरकला आणि मी गुडघ्यावर आलो. तू म्हणजे काही पीर नव्हतास, दस्तगीर. लोक आता तसं बोलायला लागलेत, म्हणून सांगतो. त्या वेळी तुझे डोळे खुनशी झाले होते आणि तू मला आईवरून शिवी दिलीस, आणि त्या आईला तू पोटच्या पोरासारखा होतास, ती मेली तेव्हा तूच तिच्या तोंडात पाणी घातलंस. मग तू कुऱ्हाडीकडं हात केलास. "आन हिकडं ती."

मी दिली. पाठीनं दिली, पात्यानं नाही. हे मी चौकीतही सांगणार आहे, पण त्यानं माझं काही हलकं होत नाही. आवाज फार लहान झाला. तू पडला नाहीस, दमलेला माणूस टेकतो तसा खाली बसलास. कानातून रक्त आलं. तू म्हणालास, "मारत्या, आरं..." पुढं काय म्हणणार होतास? एक्कावन्न दिवस मी तेच शोधतोय. मला कधी वाटतं शिवी होती, कधी वाटतं पाणी मागत होतास. मी कुऱ्हाड डोहात टाकली आणि पळालो. त्या दिवशी लंगडा पायही मला अडवू शकला नाही.

आपलं भांडण ऐकून कातकरी वर धावले. मला पळताना दोघांनी पाहिलं. त्यांनी तुला उचललं, काळूनं पाठीवर घेतलं, लक्ष्यानं डोकं धरलं, आणि ते तुला गावाकडं उतरवू लागले. पळून जाता आलं असतं त्यांना. डोंगर त्यांचा, वाटा त्यांच्या. त्यांनी तुला आणलं. वेशीजवळ गावानं त्यांना गाठलं. रक्तानं भरलेले दोन कातकरी आणि त्यांच्या पाठीवर मुल्ला. पुढं कुणी काही विचारलंच नाही. दगड, काठ्या, चाबकाचे दांडे. काळू ओरडत होता, "मुकादमानं मारलं वं, मुकादमानं!" आणि मुकादम कुठं होता? मुकादम त्या गर्दीतच होता. ओढ्यात तोंड धुऊन, आडवाटेनं येऊन मिसळलेला. मीही मारलं. लक्ष्याचे पुढचे दोन दात माझ्या बुटानं पडले. लोक म्हणाले, मैतर असावा तर असा.

त्याच संध्याकाळी गावानं भट्टी फोडली, कंत्राटदाराची लॉरी ओढ्यात ढकलली, त्याचा कारकून पायांत चपला न घालता इस्लामपूरच्या वाटेला लागला. राई अर्धी उरली. ती तुझ्या शिकवणीनं उरली असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ती एका खोट्यावर उरली आहे, दस्तगीर, आणि ते खोटं माझं आहे.

तुझ्या अंथरुणाशी मी एकदाच आलो, फौजदाराबरोबर, मुकादम म्हणून. तुझं डोकं बांधलेलं, एक डोळा मिटलेला. फौजदारानं विचारलं, कुणी मारलं? तू म्हणालास, "कातकऱ्यांनी न्हाई. त्येंना सोडा." मग कुणी? "ज्यानं मारलं त्यो सांगंल." आणि उघड्या डोळ्यानं तू माझ्याकडं पाहिलंस. मी माझ्या बुटांकडं पाहिलं. बाहेर आल्यावर फौजदार म्हणाला, "मेंदूला मार बसलाय म्हाताऱ्याच्या, काहीही बोलतो." मी मान डोलावली. तुझं वय माझ्याएवढंच, बेचाळीस. माझ्या तोंडून तेवढंही निघालं नाही.

त्यानंतर मी आलो नाही. ताप चढला, तोंड वाकडं झालं, सगळं बायकोकडून ऐकलं. मी मनाशी म्हणायचो, दस्तगीर मला ओळखतो, त्यानं मला माफ केलं असणार, म्हणून तर नाव घेत नाही. मी रोज तेवढ्यावर जेवलो आणि झोपलो. तू मेलास तेव्हाही तोच आधार होता. हे फक्त तुला आणि मला ठाऊक आहे, त्या कातकऱ्यांचं कोण ऐकतंय, असं मी आज सकाळपर्यंत धरून चाललो होतो.

आज सकाळी चौकीचा शिपाई गावात येऊन गेला. दोघांना उद्या साताऱ्याला नेणार, तिथं खटला उभा राहणार. मला साक्षीला बोलावलंय, त्यांच्या विरुद्ध. मी तुझ्या दाराशी गेलो. हलिमावहिनी इद्दतीत आहे. नवरा गेल्यावर बाईनं परक्या पुरुषापुढं यायचं नाही, म्हणून ती आतल्या दाराआड होती आणि मी उंबऱ्यावर. आत सुपात काहीतरी पाखडत होती.

"वैनी, दस्तगीरला म्या मारला."

सूप थांबलं.

"ठावं हाय मला."

"कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. पयल्याच दिशी, तोंड चालत हुतं तवा. म्या म्हनलं, फौजदाराला सांगते. तर म्हनलं, नगं, मारत्या यील. दर शुक्रवारी दार उघडं ठिवाय लावायचं मला. तोंड वाकडं झाल्यावर बोटानं दाखवायचं, उघड म्हून."

मी विचारलंच. "मग त्यानं मला माफ..."

"माफी?" दस्तगीर, तुझी बायको आवाज चढवणारी नाही, पण तेव्हा तिचा आवाज दारातून अंगावर आला. "ती तुमच्यासाठी ठिवलीवती त्यांनी. म्हनायचं, त्यो आला की देतो, आल्याबिगर कुनाला देऊ? पाच शुक्रवार गेलं. तुमी न्यायला आला न्हाईसा, भावजी."

मी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि रडलो. पोरासारखा नाही, वाईट आवाज काढून रडलो. थोड्या वेळानं म्हणालो, "वैनी, तुमी तरी..."

"माजं मागनं बघू. आदी ती दोन मानसं. त्येंच्या बायका वढ्याच्या पल्याड पोरंबाळं घिऊन उपाशी बसल्यात. भाकरी मी धाडते रोज. आज तुमी आला नसतासा तर उद्या गुलाबला चौकीत धाडनार हुते. हितं बसून काय करतासा? उठा."

आत सूप पुन्हा चालू झालं.

मी घरी येऊन हे लिहायला बसलो. बायकोला सगळं सांगितलं. ती चूल पेटवून भाकरी थापायला लागली. वाटेत काळूच्या बायकोपुढं उभं राहायचं आहे. ती मारेल, तर मारू दे. मग तसाच पुढं जाईन. चौकी सहा कोसांवर आहे, पाय दुखला तरी चालेन. तुझं दार माझ्या दारापासून चाळीस पावलांवर होतं, दस्तगीर.